फॅन रिमेक किंवा मॉड बनवताय? प्रकाशकाची नोटीस येण्याआधीची कामं, क्रमाने

कोल्हापुरात गेमवर हात चालवणारी पोरं कमी नाहीत. कुणी बस सिम्युलेटरमध्ये लाल परी उतरवतो, कुणी जीटीए मालिकेतल्या व्हाइस सिटी गेमच्या किनाऱ्याला रंकाळ्याची चौपाटी जोडतो, कुणी लहानपणी खेळलेला अख्खा गेम नव्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, पुन्हा बांधायला घेतो. पहिली दोन कामं म्हणजे मॉड, मूळ गेममध्ये केलेला बदल; तिसरं म्हणजे फॅन रिमेक. काम बऱ्याचदा चांगलं असतं. घोटाळा होतो तो क्रमात. कायद्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी, ट्रेलर टाकून झाल्यावर विचारला जातो. तोवर प्रकाशकाच्या फाईली पॅकेजमध्ये मिसळलेल्या असतात, नावात कंपनीचा ट्रेडमार्क बसलेला असतो आणि व्हिडिओखाली यूपीआयचा क्यूआर चिकटवलेला असतो.

हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण वकिलाकडे जायची वेळ आलीच, तर सोबत काय न्यायचं ते यातून तयार होईल.

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला काढू. "सगळे हक्क मूळ मालकाचे, आम्ही फक्त चाहते" ही ओळ वर्णनात टाकली की आपण सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये गुन्ह्यासाठी उल्लंघन जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. त्या ओळीने तुम्हाला सगळं माहीत होतं, याचा पुरावा तुम्हीच लिहून देता. श्रेय जरूर द्या, पण श्रेय दिल्याने परवानगी मिळत नाही.

टप्पा १: काय बनवताय ते एका वाक्यात लिहा

"कोल्हापूरचा जीटीए करतोय" हे वाक्य इथे चालणार नाही. वाक्य असं हवं: "मूळ गेम विकत घेतलेल्याच्या संगणकावर चालणारा, फक्त बसचे रंग बदलणारा मॉड." किंवा असं: "जुन्या गेमची गोष्ट, पात्रं आणि नकाशा घेऊन दुसऱ्या इंजिनमध्ये नव्याने बांधलेला, स्वतंत्र चालणारा गेम." पहिल्याकडे बहुतेक कंपन्या बघतही नाहीत. दुसऱ्यासाठी त्यांचे वकील पगार घेतात.

धोका साधारण असा चढत जातो: गेमनेच दिलेल्या सोयीतून केलेली स्किन (फक्त वरचं रूप बदलणं), कंपनीच्या अधिकृत टूलने केलेला मॉड, मजकुराचं भाषांतर, सगळा गेमच बदलून टाकणारं रूपांतर, गेमचा कोड उलगडून लिहिलेलं इंजिन आणि सर्वात वर पूर्ण रिमेक. भाषांतर मध्येच कसं, असं वाटेल. गेममधले संवाद ही साहित्यकृती आहे आणि तिचं भाषांतर करण्याचा हक्क कायद्याने मालकाकडेच असतो. मराठी सबटायटल टाकणं हे कितीही पुण्याचं काम वाटलं तरी तो हक्क आपोआप आपल्याकडे येत नाही.

स्वतःला विचारायचा खरा प्रश्न एकच: मूळ गेम विकत न घेता तुमचं काम चालतं का? चालत असेल, तर तुम्ही प्रकाशकाच्या दुकानासमोर गाडा लावला आहे. स्कायब्लिव्हियन प्रकल्पाने हे ओळखलं. ऑब्लिव्हियन हा गेम स्कायरिमच्या इंजिनमध्ये बांधताना त्यांनी खेळणाऱ्याकडे दोन्ही मूळ गेम असण्याची अट घातली. एप्रिल २०२५ मध्ये या गेमची मालक कंपनी बेथेस्डाने स्वतःचा ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड आणला, तेव्हा या टीमला नोटीस गेली नाही, उलट नव्या गेमच्या मोफत कीज (गेम मिळवायचे कोड) मिळाल्या. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं, पण रचना त्यांच्या बाजूने होती.

"मग आम्ही तसाच, पण आमचा गेम करतो" हा मार्ग मोकळा आहे, फक्त 'तसाच' किती ते बघा. खेळाचे नियम आणि कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, त्या ज्या रूपात मांडल्या त्यावर असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने टेट्रिसच्या नकलेविरुद्ध निकाल दिला. ठोकळे पाडण्याचा नियम घ्यायला हरकत नव्हती, पण तुकड्यांचं रूप आणि पटाची मांडणी हुबेहूब उचलली होती.

तपासणी: तुमचं वाक्य टीमबाहेरच्या मित्राला वाचायला द्या. मूळ गेममधलं काय काय यात वापरलं आहे, हे त्याला त्यावरून सांगता आलं नाही तर वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: प्रकाशकाने काय लिहून ठेवलंय ते वाचा

या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. बहुतेक चुका इथेच होतात, कारण इन्स्टॉल करताना "मान्य आहे" दाबायची आपल्या बोटांना सवय झालेली असते.

तीन वेगवेगळे कागद शोधायचे. पहिला गेमचा वापरकर्ता करार. दुसरा मॉड किंवा फॅन-कंटेंटबद्दलचं धोरण. ते बहुधा कंपनीच्या सपोर्ट विभागात पडलेलं असतं. तिसरा मॉडिंगच्या टूलचा वेगळा परवाना. हा तिसरा सर्रास सुटतो. गेमच्या करारात मॉडबद्दल काही नसतं, पण टूलच्या परवान्यात "फक्त या गेमसाठी आणि बिगरव्यावसायिक" अशी अट असते.

वाचताना चार गोष्टींखाली रेघ मारा: पैसे, ऑनलाइन किंवा मल्टिप्लेयर, दुसऱ्या गेममधला माल, आणि "नवं" बनवण्याबद्दलची वाक्यं. उदाहरणार्थ जीटीए बनवणारी रॉकस्टार. २०१७ च्या जून महिन्यात तिच्या मालक टेक-टू कंपनीने ओपनआयव्ही या मॉडिंग टूलला नोटीस पाठवली. खेळाडू खवळले आणि रॉकस्टारने खुलासा केला: पीसीवरचे, एकट्याने खेळायचे, बिगरव्यावसायिक मॉड असतील तर सर्वसाधारणपणे कारवाई होणार नाही. पोरांना एवढंच पाठ आहे. त्याखालचे अपवाद कुणी वाचत नाही. मल्टिप्लेयर चालणार नाही, दुसऱ्या गेममधला माल आणता येणार नाही, अगदी रॉकस्टारच्याच दुसऱ्या गेममधलाही नाही. पुढे धोरणात आणखी भर पडली, की नवे गेम, कथा, मिशन किंवा नकाशे यांनाही ही सूट नाही. म्हणजे रंकाळ्याचा नकाशा थेट अपवादात जातो.

हे अपवाद कागदावर पडून राहत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये व्हाइस सिटीला जीटीए ४ च्या इंजिनमध्ये आणणाऱ्या प्रकल्पाचं यूट्यूब चॅनेल, मॉड बाहेर पडायच्या तोंडावर, टेक-टूच्या तक्रारीवरून बंद झालं. दोन्ही गेम एकाच कंपनीचे होते, तरीही.

माइनक्राफ्टचा करार याच्या उलट सोपा आहे: तुम्ही केलेला मॉड तुमचा, पण तो विकायचा नाही. बस सिम्युलेटर इंडोनेशियामध्ये लिव्हरी (वाहनावरची रंगसजावट) आणि वाहन-मॉड टाकायची सोय गेममध्येच आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ साठी कंपनी स्वतः साधनं देते आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं मॉड वाटायचं पान, स्टीम वर्कशॉप, उघडं आहे. नवख्या टीमने पहिलं काम अशा गेमवर करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोल्हापूर ते गगनबावडा हा रस्ता आणि पुढचा करूळ घाट ट्रकच्या गेममध्ये बांधायलाही तेवढंच कौशल्य लागतं, झोप मात्र शांत लागते.

कागदांसोबत कंपनीचा स्वभावही बघा. निन्टेन्डोने ऑगस्ट २०१६ मध्ये मेट्रॉइड २ चा फॅन रिमेक, म्हणजे एएम२आर, बाहेर पडताच उतरवायला लावला. पुढच्याच वर्षी त्याच गेमचा अधिकृत रिमेक आला. पोकेमॉन युरेनियमची गतही त्याच महिन्यात तशीच झाली. स्क्वेअर एनिक्सने क्रोनो ट्रिगरवरचा क्रिमसन एकोज मे २००९ मध्ये थांबवला, तेव्हा काम जवळजवळ पूर्ण झालं होतं. सेगा मात्र सोनिकच्या फॅन गेमकडे वर्षानुवर्षं काणाडोळा करत आली आणि २०१७ चा सोनिक मेनिया तर फॅन गेममधून वर आलेल्या लोकांनाच हाताशी धरून केला. पण काणाडोळा म्हणजे परवाना नव्हे. मालक बदलला, नवा रिमेक ठरला, की धोरण एका रात्रीत फिरतं.

सावधान: धोरणाचं पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा. कंपन्या ती पानं न सांगता बदलतात.

तपासणी: "प्रकाशक मला काय करू देतो" आणि "काय करू देत नाही" असे दोन रकाने भरा. दुसरा रकाना कोरा राहिला, तर तुम्ही कागद वाचलेले नाहीत.

टप्पा ३: भारतीय कायद्याची हद्द समजून घ्या

कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणक प्रोग्रॅम त्यात साहित्यकृतीत मोडतो. गेममधली चित्रं, संगीत आणि दृश्यफिती या मात्र वेगळ्या कृती आहेत आणि त्यांचे नियमही वेगळे. ही विभागणी लक्षात ठेवली की पुढचं सोपं जातं.

प्रोग्रॅमबाबत कलम ५२ बऱ्यापैकी उदार आहे. कायदेशीर प्रत बाळगणारा बॅकअप घेऊ शकतो. प्रोग्रॅम कसा चालतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करू शकतो. स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यापुरती माहिती, ती सहज उपलब्ध नसेल तर, काढू शकतो. आणि स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, बिगरव्यावसायिक वैयक्तिक वापरासाठी रूपांतरही करू शकतो. चित्रं आणि संगीत यांना खासगी वापरापुरती 'फेअर डीलिंग'ची वेगळी तरतूद आहे.

या सगळ्यात दोन अटी दडलेल्या आहेत. पहिली, प्रत कायदेशीर हवी. क्रॅक केलेल्या कॉपीवर मॉड करणाऱ्याला यातली बहुतेक दारं बंद. उल्लंघन करून बनवलेली प्रत जाणूनबुजून वापरणं हाच कलम ६३-बी खाली गुन्हा आहे. नेट कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणलेल्या व्हाइस सिटीवर सगळा प्रकल्प उभा करायचा आणि मग "फेअर यूज" म्हणायचं, याला अर्थ नाही. दुसरी अट म्हणजे वैयक्तिक वापर. घरी, स्वतःच्या संगणकावर तुम्हाला बरीच मोकळीक आहे. ज्या क्षणी लिंक टेलिग्रामवर टाकता, त्या क्षणी ती संपते.

गेमवरचं डिजिटल कुलूप तोडणं हा आणखी वेगळा विषय. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ए खाली, हक्क डावलण्याच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून "आधी हा क्रॅक टाका, मग आमचा मॉड" अशी सूचना कुठल्याही रीडमीत लिहू नका.

कलम ६३ ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यात फायद्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कमी शिक्षा देऊ शकतं. प्रत्यक्षात चाहत्यांच्या वाट्याला येते ती बहुधा लिंक उतरवण्याची नोटीस. पोलीस नव्हे. पण आकडे माहीत असलेले बरे.

गेम जुना झाला, दुकानात मिळत नाही, कंपनी बुडाली, म्हणून हक्क संपत नाहीत. बुडालेल्या कंपनीचे हक्क कुणीतरी विकत घेतलेलेच असतात.

आणि कायदा भारतातला असला तरी तुमची फाईल बसते अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर. तिथे त्यांची नोटीस-पद्धत चालते. ती शेवटच्या टप्प्यात बघू.

टप्पा ४: फोल्डर वेगळे करा आणि नोंदवही उघडा

कामाला हात लावायच्या आधी तीन फोल्डर करा: "आमचं", "मोकळ्या परवान्याचं", "मूळ गेमचं". तिसऱ्यातली एकही फाईल प्रकाशनाच्या पॅकेजमध्ये जाणार नाही, हा नियम. संदर्भासाठी बघा, मोजमापं घ्या, पण उचलू नका. सहा महिन्यांनी कुठला टेक्श्चर कुठून आला हे कुणालाच आठवत नाही, म्हणून प्रत्येक फाईलला नोंदवहीत एक ओळ द्या: नाव, कुणी बनवली, कुठून आणली, परवाना, तारीख. साध्या स्प्रेडशीटवर भागतं.

मूळ फाईलमध्ये बदल करायचा असेल तर बदललेली फाईल देऊ नका, फक्त फरक द्या. जुन्या कन्सोल गेमचे मॉडर आयपीएस, बीपीएस किंवा एक्सडेल्टा पॅच देतात ते यासाठीच. खेळणाऱ्याने स्वतःच्या प्रतीवर पॅच लावायचा. ओपनएमडब्ल्यू किंवा ओपनआरसीटी२ सारखी स्वतंत्र इंजिनंही याच रीतीने चालतात: इंजिन त्यांचं, डेटा तुमच्या विकत घेतलेल्या गेमचा.

पण याने सगळं सुटतं असं समजू नका. १९९८ मध्ये अमेरिकेत मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन हा खटला गाजला. ड्यूक न्यूकेम ३डी या गेमसाठी खेळाडूंनी केलेल्या लेव्हल एका कंपनीने सीडीवर विकल्या. त्या फाईलींमध्ये मूळ गेमचं एकही चित्र नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं, की या लेव्हल म्हणजे ड्यूकच्या गोष्टीचे पुढचे भागच आहेत आणि पुढचे भाग काढायचा हक्क मालकाचा. पात्र आणि गोष्ट यांनाही संरक्षण असतं, ते असं.

कोड उलगडणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण. जीटीए ३ आणि व्हाइस सिटीचा कोड उलगडून पुन्हा लिहिलेलं री३ नावाचं जे काम होतं, त्यात मूळ गेमची चित्रं-आवाज नव्हते. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये ते गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून उतरवलं गेलं आणि सप्टेंबरमध्ये टेक-टूने दावा लावला. उलगडलेला कोड पाहून तसाच लिहिलेला कोड स्वतंत्र ठरत नाही. तसं करायचंच असेल तर एकाने फक्त वागणूक नोंदवायची आणि दुसऱ्याने, मूळ कोड न बघता, त्या नोंदीवरून लिहायचं.

आता सगळ्यात कमी लक्षात येणारा धोका, तिसऱ्याच्या टूलचा. पोर्टल हा वॉल्व्हचा गेम निन्टेन्डो ६४ वर आणणारा प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये थांबला, आणि तोही वॉल्व्हच्या स्वतःच्या हक्कांवरून नव्हे. त्यात निन्टेन्डोच्या मालकीच्या लायब्ररी वापरल्या होत्या, म्हणून वॉल्व्हनेच तो उतरवायला सांगितलं. फुटलेलं एसडीके (कंपनीने गेम बनवणाऱ्यांना दिलेला साधनसंच), लीक झालेला सोर्स कोड यांच्याजवळही जाऊ नका. एकदा बघितलं की "मी पाहिलंच नव्हतं" म्हणता येत नाही.

मोकळा माल भरपूर आहे. डूम या गेमचा सोर्स कोड १९९९ पासून जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली आहे आणि त्याच्या जोडीला फ्रीडूमची मोकळी चित्रं-आवाज आहेत. देवनागरीसाठी मुक्त, बलू, नोटो हे ओपन फॉन्ट परवान्यातले फॉन्ट घ्या. डीटीपीच्या दुकानातून आणलेला फॉन्ट गेममध्ये भरू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचा माल घेताना 'बिगरव्यावसायिक' आणि 'त्याच परवान्याने वाटा' या अटी वेगळ्या रकान्यात नोंदवा, कारण पुढे पैशाचा विषय निघाला की त्याच आडव्या येतात.

तपासणी: पूर्ण पॅकेज अशा संगणकावर टाका, जिथे मूळ गेम नाही. मॉड तिथे चालला, तर आत काहीतरी नको ते शिरलं आहे.

टप्पा ५: टीममधला व्यवहार कागदावर घ्या

"आपलीच पोरं हायत, कागद कशाला?" असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याचीच सही आधी घ्या.

कारण कायदा असा आहे: ज्याने बनवलं तो पहिला मालक. शाहूपुरीतल्या मित्राने संगीत दिलं, तर ते त्याचं. कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की हस्तांतर गळून पडतं. फॅन प्रकल्प वर्षानुवर्षं रेंगाळतात, त्यामुळे ही शेवटची ओळ महत्त्वाची. "वर्षभरात न वापरल्यास हक्क रद्द होणार नाहीत" हे वाक्य घालाच.

टीममध्ये अकरावी-बारावीची मुलं असली तर लक्षात ठेवा, अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार चालत नाही. पालकांना सांगा आणि कागद त्यांच्यामार्फत करा. आयटीत नोकरी करणाऱ्याने आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं असतं, आणि काही करार त्यापुढे जाऊन फावल्या वेळातल्या कामावरही हात टाकतात. ऑफिसचा लॅपटॉप या कामाला वापरायचा नाही.

टप्पा ६: कोल्हापूर गेममध्ये आणताना

इथे गेमचा प्रकाशक दुय्यम आणि इतरांचे हक्क पुढे येतात. बसवरचं एसटी महामंडळाचं बोधचिन्ह, टाटा किंवा अशोक लेलँडची नावं हे ट्रेडमार्क आहेत. मोफत स्किनवरून कुणी भांडत बसत नाही, पण त्याच चिन्हाचं पोस्टर करून विकायला गेलात तर विषय वेगळा होतो.

बसच्या रेडिओवर सिनेमातली लावणी वाजवू नका. प्रत्यक्षात सर्वात आधी पकडलं जाणारं उल्लंघन हेच. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते आणि तक्रार गेमवाल्याची नव्हे, संगीत कंपनीची येते. हलगी आणि घुमकं स्वतः रेकॉर्ड करा, वाजवणाऱ्याची लेखी संमती घ्या आणि नोंदवहीत ओळ टाका.

इमारती आणि सार्वजनिक जागेतल्या शिल्पांची चित्रं, फोटो घ्यायला कलम ५२ सूट देतं. शिल्पाच्या बाबतीत त्या सूटीत चित्र, रेखाटन, फोटो असे शब्द आहेत, त्रिमितीय प्रतिकृतीचा उल्लेख नाही. भवानी मंडपासारख्या जुन्या वास्तूंची काळजी नको, पण अलीकडच्या पुतळ्याचं हुबेहूब थ्रीडी मॉडेल करण्याआधी विचार करा. खासबाग मैदान दाखवा, पण ओळखीच्या पैलवानाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय वापरू नका.

अंबाबाईचं मंदिर गोळीबाराच्या गेममध्ये आणू नका. यात प्रकाशकाचा संबंध नाही. त्याची नोटीस यायला आठवडे लागतील, कोल्हापूरकर संध्याकाळपर्यंत दारात असतील.

टप्पा ७: पैसे

सोपा नियम: एक रुपयाही घेऊ नका. आता त्याच्या पळवाटा बघू, कारण लोक त्यातूनच अडकतात.

पैसे म्हणजे फक्त विक्री नव्हे. जाहिरातीची छोटी लिंक, "पासवर्ड व्हिडिओत आहे" म्हणून वाढवलेले व्ह्यूज, टेलिग्रामचा पैसे भरून मिळणारा व्हीआयपी ग्रुप, "चहापुरते द्या" म्हणून लावलेला क्यूआर, हे सगळं व्यावसायिक म्हणून दाखवता येतं. २०२२ मध्ये टेक-टूने आपल्या गेमसाठीचे व्हीआर मॉड पेट्रियॉन या वर्गणीच्या साइटवरून उतरवायला लावले. ते पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच मिळत होते. प्रकाशकाने स्वतः दुकान उघडलं तरी ते टिकेल याचा भरवसा नसतो. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमवर स्कायरिमचे मॉड विकायची सोय झाली आणि काही दिवसांतच गुंडाळली गेली.

देणगी घ्यायचीच असेल तर ती तुमच्या इतर कामासाठी, वेगळ्या पानावर, मॉड मिळण्याशी कसलाही संबंध न ठेवता. आणि टप्पा २ मधल्या कागदात देणगीला मनाई नाही, हे आधी बघून.

सावधान: मॉड बिगरव्यावसायिक असला की कायदेशीर होतो, असं नाही. एएम२आर पूर्ण मोफत होता.

टप्पा ८: नाव आणि जाहिरात

नावात मूळ गेमचं नाव पुढे लावू नका. आधी तुमचं नाव, मग "अमुक गेमसाठी अनधिकृत मॉड". त्यांचा लोगो, त्यांच्या लोगोची अक्षरशैली, खोक्यावरचं चित्र, काहीही नको. "रीमास्टर्ड", "ऑफिशियल" हे शब्द टाळा. ग्राहकाचा गोंधळ झाला, की कॉपीराइटच्या जोडीला ट्रेडमार्कचा दावाही उभा राहतो.

घोषणा कधी करायची यावर मॉडरांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो पूर्ण करून एकदम टाका, दुसरा म्हणतो लवकर सांगा, म्हणजे अडचण लवकर कळेल. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण फक्त धोरण स्पष्ट असलेल्या कंपनीबाबत. निन्टेन्डोच्या पात्रांवर पाच वर्षं गुपचूप काम करून शेवटी एकदम टाकायचं, यात गुपितामुळे कायदेशीर बाजू तसूभरही मजबूत होत नाही. फक्त नुकसान मोठं होतं.

टप्पा ९: परवानगी मागायची असेल तर

हाफ-लाइफचा फॅन रिमेक ब्लॅक मेसा २०१२ मध्ये मोफत आला. पुढे वॉल्व्हने तो स्टीमवर विकायलाही परवानगी दिली आणि २०२० मध्ये तो पूर्ण झाला. असं होतं, पण क्वचित.

पत्र एका पानाचं ठेवा. टप्पा १ चं वाक्य, मूळ गेम लागतो की नाही, पैसे घेणार नाही ही ग्वाही, तुमच्या मालकीचं काय, आणि नेमकी कशाची परवानगी हवी ते. सपोर्टच्या चॅटवर नव्हे, कायदा किंवा परवाना विभागाच्या पत्त्यावर पाठवा. चॅटवरच्या कर्मचाऱ्याने "हो चालेल" म्हटलं तर तो परवाना नाही. परवाना लेखी आणि हक्क असलेल्या माणसाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीने दिलेला लागतो. उत्तर आलं नाही, तर ते नकार समजा. स्पष्ट नकार आला, तर त्यानंतर केलेलं सगळं जाणूनबुजून धरलं जाईल. त्यामुळे ज्या कामात नकार आला तरी तुम्ही पुढे जाणारच आहात, त्याचं पत्रच पाठवू नका. त्यापेक्षा ते काम निवडू नका.

टप्पा १०: नोटीस आलीच तर

आधी ती खरी आहे का ते बघा. पाठवणाऱ्याचा डोमेन, कंपनीचं नाव, कुठल्या कृतीचं उल्लंघन हे नेमकं लिहिलंय का. यूट्यूब, गिटहबसारख्या ठिकाणची नोटीस तुमच्या खात्याच्या आतही दिसते. फक्त जीमेलवरून "पैसे भरा" म्हणणारी नोटीस बहुधा भामट्याची असते.

खरी असेल तर त्याच दिवशी लिंक उतरवा, पण स्वतःजवळची एकही फाईल, नोंदवही किंवा चॅट पुसू नका. टीममधल्या एकानेच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी इन्स्टाग्रामवर कंपनीला शिव्या घालू नयेत, कितीही हात शिवशिवले तरी. दुसऱ्या साइटवर तीच फाईल चढवणं हा सगळ्यात महागात पडणारा उद्योग. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या की चॅनेलच जातं.

प्रतिनोटीस द्यायचा पर्याय असतो, पण तो रागात वापरायचा नाही. अमेरिकी पद्धतीत प्रतिनोटीस शपथेवर द्यावी लागते आणि तिथल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं. मग तक्रारदाराने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत दावा लावला नाही, तर फाईल परत चढते. री३ च्या लेखकांनी हाच मार्ग घेतला आणि पुढे दावा आला. नोटीस चुकीच्या फाईलवर असेल, किंवा तक्रार केलेली फाईल नोंदवहीप्रमाणे पूर्ण तुमची असेल, तरच हा रस्ता धरा, आणि तोही वकिलाला दाखवून. भारतातल्या सर्व्हरवर फाईल असेल तर कॉपीराइट नियम २०१३ लागू होतात: तक्रारीनंतर ३६ तासांत फाईल थांबवायची, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती परत चालू करता येते.

वकिलाकडे जाताना नोटीस, धोरणाची तारखेची पीडीएफ, नोंदवही आणि टीमचा कागद न्या. बौद्धिक संपदेचं काम करणारा वकील हवा. जमिनीचे दावे चालवणारे काका कितीही हुशार असले तरी हे त्यांचं काम नाही.

प्रकल्प बंद करावा लागला, तरी "आमचं" फोल्डर तुमचंच राहतं. त्यातली मॉडेल्स, कोड, संगीत नव्या गेममध्ये वापरता येतात, मात्र मूळ पात्रं, नावं आणि ओळखू येणारे नकाशे काढून टाकल्यावर. फ्रीडम प्लॅनेट हा गेम सोनिकचा फॅन गेम म्हणून सुरू झाला होता. पात्रं बदलून २०१४ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून विक्रीला आला. एएम२आर करणाऱ्याला पुढे ओरी मालिकेच्या दुसऱ्या गेमवर काम मिळालं. तुम्ही नवं नाव ठरवाल तेव्हा भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि वर्ग ४१ (मनोरंजन) मध्ये ते शोधा. शोध मोफत आहे, आणि नाव छापण्याआधी घ्यायचा आहे.